हाताची घडी, काचेआड मणी

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट. दहा तारा आणि प्रत्येक तारेवर दहा मणी. मोजून घ्यायला हरकत नाही, मात्र सरकवून मोजता येणार नाहीत, डोळ्यांनीच मोजावे लागतील. का, ते पुढे येईलच.

माझा जन्म नागपूरचा, साल चौसष्ट-पासष्टच्या आसपास. माझं लाकूड संत्र्याच्या फुटक्या पेटीचं. तारा म्हणजे एका मोडक्या सायकलच्या काड्या. मणी बैलांच्या गळ्यातल्या माळांचे. पोळा सरल्यावर उरलेल्या त्या माळा बुधवारी बाजारात पडून होत्या. थोडक्यात, माझ्या अंगात नवी वस्तू एकही नव्हती. कल्पना तेवढी नवी होती.

ती कल्पना कृष्णकांत गुरुजींची. ते तेव्हा अध्यापक विद्यालयात शिकत होते. तिथल्या प्राध्यापकांनी एक वाक्य सांगितलं होतं, "प्रत्येक मूल आपापल्या रीतीने शिकते, कोणी ऐकून, कोणी पाहून, कोणी हाताने करून." हे वाक्य त्यांनी सावकाश, दोनदा उच्चारून लिहून दिलं आणि वर्गातल्या झाडून सगळ्यांनी ते एकाच रीतीने पाठ केलं. परीक्षेत ते आलं. सगळे पास झाले. कृष्णकांत गुरुजींनी मात्र ते खरं मानलं. तरुण वयात असं होतं कधीकधी.

उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीत गुरुजींना नोकरी लागली आणि मी त्यांच्या पिशवीतून शाळेत दाखल झाले. शाळेचं नाव सांगत नाही. चौथीचा वर्ग होता. हेडमास्तर होते मधुकरराव. माणूस वाईट नव्हता. लहानपणी ते पाढे घोकून शिकले होते, आणि आपण ज्या रीतीने शिकलो तीच शिकायची रीत, असं शिकलेल्या प्रत्येक माणसाला वाटतं, तसं त्यांनाही वाटायचं. हाताने शिकण्यावर त्यांचाही विश्वास होता म्हणा. फक्त त्यात हात मुलाचा आणि छडी त्यांची असे.

मला पाहून ते म्हणाले, "कृष्णकांत, हे खेळणं कोण आणून राहिलं शाळेत?"

"शैक्षणिक साहित्य आहे, सर."

"असं का? मग सांभाळून ठेव. फुटलं नाही पाहिजे."

माझ्या भविष्याचं बी या वाक्यात होतं. तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला आठवडा गुरुजींनी सगळ्या वर्गाला माझ्यापुढे बसवलं. एकेकाने यावं, मणी सरकवावेत, उत्तर सांगावं. उत्साह दांडगा होता. देवाजी नावाचा एक मुलगा होता. बाप भजनात पेटी वाजवायचा, आणि पोराच्या कानावरून गेलेली गोष्ट डोक्यात कायमची बसायची. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "गुरुजी, हे मणी वाजून राहिले नं, मले पाढा ऐकूच येत नाही!" त्याच्या मागचा मार्तंड म्हणाला, "मले फळ्यावर लिवून द्या. दिसल्याबिगर समजत नाही मले." गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. ते प्राध्यापकांचं वाक्य त्यांना पाठ होतं. कळलं ते बहुधा त्या क्षणी. सगळ्यांवर लादले, तर मणीसुद्धा छडीच्याच जातीचे. त्यांनी देवाजीला दारात उभं राहून मोठ्याने पाढे म्हणायला लावलं, मार्तंडला फळ्याजवळ बसवलं, आणि मला उचलून भिंतीजवळ ठेवलं.

भिंतीजवळ गोपिका बसत असे.

गोपिका ही रुखमाबाईंची एकुलती पोर. बाप नव्हता. रुखमाबाई बिड्या वळायच्या. वर्ग पाढे म्हणायला लागला की गोपिकाचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. फळ्यावरचं गणित ती वहीत सुबक उतरवून घ्यायची आणि त्याच्याकडे बघत बसायची, जसं कुलूप लागलेल्या घराकडे बघावं. वर्गात तिचं नाव "मुकी" पडलं होतं. रुखमाबाईंनी एकदा शाळेत येऊन सांगितलं, "गुरुजी, घरी तं चुरूचुरू बोलते हे. इथंच काहून मुकी होते का मालूम. पण आत्ताच सांगून ठेवते, चौथी निघाली तं पाचवीत टाकीन, पोटाले चिमटा घेईन. नाही निघाली तं माह्या बाजूले सूप घेऊन बसन. दुसऱ्या साली त्याच वर्गात बसवाची आमची ऐपत नाही."

सूप म्हणजे मांडीवर घेऊन ज्यात बिड्या वळतात ते. गोपिका मागे उभी राहून हे ऐकत होती आणि फ्रॉकची कड बोटांत गुंडाळत होती.

त्या दिवशी फळ्यावर त्रेचाळीसातून सत्तावीस वजा करायचे होते. गोपिकाने माझ्याकडे पाहिलं. मग कोणाचं लक्ष नाही असं बघून हात लावला. चार तारा भरून आणि वर तीन मणी, असे त्रेचाळीस डावीकडे घेतले. दोन अख्ख्या तारा परत सारल्या. सुटे तीन सारले. मग थांबली. आणखी चार हवे होते आणि सुटा मणी उरला नव्हता. तिने एका भरल्या तारेवर बोट ठेवलं, जरा दाबून धरलं, आणि तिच्यातले चार अलगद बाजूला केले. राहिले ते बोटानेच चाचपले.

"सोळा," ती म्हणाली. आवाज इतका मोठा होता की तिची तीच दचकली. "हे तं सोपं हाये! मंग फळ्यावर कठीण काहून होते, गुरुजी?"

याचं उत्तर प्राध्यापकांनी लिहून दिलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस हेच. गोपिकाची बोटं रोज माझ्यावर फिरायची. आधी ती बघून सरकवायची, मग डोळे मिटून. पुढे पुढे तर मणी न सरकवता नुसता हात ठेवायची आणि उत्तर सांगायची. कधी मी लांब असले तर तिची बोटं फ्रॉकवरच हलायची. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर तिला माझी गरजच उरली नसती. चौकटीचं सार्थक स्वतःची गरज संपण्यातच असतं. पण तेवढ्यात मला यश आलं.

शाळेची तपासणी ठरली. भिंतींना चुना लागला, अंगणात सडा पडला, पोरांची नखं कापली गेली. साहेब आले, चहा झाला, मग चौथीत आले. देवाजीने तेरा, सतरा, एकोणीसचे पाढे गाऊन दाखवले. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हे काय?" गुरुजींनी गोपिकाला पुढे बोलावलं. साहेबांनी वजाबाकी घातली. बोटं फिरली, उत्तर आलं. दुसरी घातली, तीही आली. तिसरी घालताना साहेब खुर्चीतून पुढे वाकले होते.

"वा! मधुकरराव, हे तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेलं पाहिजे!"

साहेबांनी माझ्या मण्यांवरून हात फिरवला. गोपिकाच्या डोक्यावरून फिरवायचा राहिला. घाई होती.

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. जाण्याआधी मला वार्निश लावलं होतं, अगदी तारांसकट. परत आले तेव्हा मी ओळखू येत नव्हते. पण वर्गात परत गेलेच नाही. हेडमास्तरांच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात पृथ्वीचा गोल, एक भिंग आणि मातीची फळं बसलेली होती, सगळी माझ्यासारखीच यशस्वी. मला मधोमध ठेवलं.

"सर, ही पोरांसाठी आहे," गुरुजी म्हणाले.

"होती. आता ती शाळेची आहे," मधुकरराव म्हणाले. "बक्षिसाची वस्तू पोरांच्या हातात द्यायची? तुझं अक्षर चांगलं आहे, एक पाटी लिहून दे पाहू."

गुरुजींची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "कृपया हात लावू नये." पाटी माझ्या पायाशी लागली आणि किल्ली मधुकररावांच्या जानव्याला.

चौथीची तोंडी परीक्षा त्याच खोलीत झाली. मुलं एकेक आत यायची, टेबलासमोर उभी राहायची. गोपिका आली. मी थेट तिच्या समोर होते, मध्ये काच.

"सात आठ?" मधुकररावांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात कमरेजवळ हलू लागला. अंगठा, तर्जनी, एक तार, दुसरी तार. मला काचेतून दिसत होतं, ती अगदी बरोबर चालली होती. पाच तारा भरून ती सहावीवर आली होती.

"हात काय हलवतेस? सरळ उभी राहा. हाताची घडी!"

मित्रांनो, हे दोन शब्द तुम्ही रोज ऐकता. त्यात जाच असा काही नाही. वर्ग शांत राहतो, पोरं एकमेकांना चिमटे काढत नाहीत. गोपिका गुणी पोर होती. तिने लगेच घडी घातली. दोन्ही हात काखेत गेले, आणि जे काही तिला येत होतं ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

"सात आठ?"

ओठ हलले. आवाज आला नाही.

दाराशी गुरुजी उभे होते. ते म्हणाले, "सर, किल्ली देता का जरा? मणी समोर असले की तिला येतं."

"परीक्षेत साहित्य चालत नाही, कृष्णकांत. उद्या भाजी घ्यायला जाईल तेव्हा कपाट डोक्यावर घेऊन जाईल का ही?"

"मग निदान हात तरी सोडू द्या."

"शिस्त नाही का काही?" मधुकरराव म्हणाले, आणि गोपिकाकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "घाबरू नको बेटा. आठव. नीट आठव."

ती घाबरली नव्हती. तिचे हात बांधलेले होते, इतकंच. पुढच्या मुलाला बोलावणं गेलं.

निकालात गोपिका नापास झाली. रुखमाबाई तिला घेऊन आल्या. काचेसमोर उभ्या राहिल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "हेडमास्तर, ते हिचंच हाये नं, ज्याच्यावर हे शिकत होती? मंग काढून द्या नं. पुन्हा पुसा हिले."

"बाई, ते बक्षिसाचं आहे."

"बक्षीस कायचं भेटलं?"

"पोरांना त्याच्यावर शिकता येतं म्हणून."

रुखमाबाईंनी पोरीचा हात धरला. "चाल वं," त्या गोपिकाला म्हणाल्या. पुढे कानावर आलं की पोरीने बिडी वळायला दोन दिवसांत शिकून घेतलं. तिथे तिला कोणी तोंडी विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण काही झालं नाही. दर तपासणीला काच पुसली जायची. साहेब बदलायचे. "छान, साहित्य जपलंय," म्हणायचे. मोहरमला ताबूत निदान बाहेर तरी निघतात, आम्ही तेवढेही निघत नव्हतो; जागच्या जागी दर्शन. उन्हाळ्यात लाकूड तडकायचं, पावसाळ्यात फुगायचं. वार्निशखाली काड्या गंजत गेल्या. मधुकरराव निवृत्त झाले. गुरुजी कायम झाले, मग जाड चष्मा लागला, मग हेडमास्तर झाले. किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात आली. ती खणातच राहिली. काही कुलपं न उघडण्याची माणसाला सवय होते.

मग त्र्याऐंशी साली जूनमध्ये एक बाई खोलीच्या दाराशी आली. सोबत एक मुलगी. गुरुजींनी चष्मा वर केला.

"गोपिका का वं?... ये, ये, बस."

"नाव घालाले आणली, गुरुजी. कौसल्या नाव हाये हिचं." गोपिका बाकावर बसली. बसताक्षणी तिचे दोन्ही हात आपोआप काखेत गेले. तिला ते कळलंही नाही. गुरुजींना कळलं.

ते उठले, खणात किल्ली शोधली. कुलूप लवकर निघेना. निघालं तेव्हा पाटी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. मला आणून टेबलावर ठेवलं. कौसल्याने कोणाला न विचारता माझ्यावर हात ठेवला आणि मणी ढकलला. मित्रांनो, मी इतकी वर्षं त्याच एका बोटाची वाट पाहत होते.

मणी हलला नाही.

"माय, हे सरकून नाही राहिलं."

गोपिकाने हाताची घडी सोडली. केसांतलं थोडं खोबरेल बोटाला घेतलं, तारेला लावलं, मणी गोल गोल फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने एक सुटला, अर्ध्या तारेपर्यंत आला आणि अडकला.

"एक तं निघाला," ती म्हणाली. मग गुरुजींकडे न बघता, माझ्याकडेच बघत म्हणाली, "गुरुजी, हिले आलं नाही तं दोन मारा. पण हाताची घडी नका घालू देऊ."

"हो," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात घंटा झाली. शेजारच्या वर्गातून नव्या बाईंचा खणखणीत आवाज आला, "हाताची घडी!" आणि सगळ्या वर्गाने एका सुरात जोड दिली, "तोंडावर बोट!" गुरुजी उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. तपासणी पुढच्याच आठवड्यात होती.

कौसल्याचं नाव अजून शाळेत लागलंही नव्हतं. तिने माझ्यावरचा हात काढून घेतला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी "आमची निगा राखा" असं म्हणायचं असतं. माझी निगा इतकी राखली गेली, की ती मला जन्मभर पुरली. माझी काच पुसू नका. एखादं पोर उत्तर देताना गुणगुणत असेल, हवेत काही लिहीत असेल, बोटं हलवत असेल, तर त्याला तेवढं करू द्या. ते उत्तराकडेच चाललेलं असतं.

काचेआड तो एक मणी अजून तारेच्या मध्यावर आहे. कोणाचा हात मोकळा असेल, तर बघा.