माहिती देणारी व्यक्ती अशिक्षित

नातीच्या प्रकल्पवहीच्या नवव्या पानावर मी मलाच सापडले. ती अंघोळीला गेली होती, वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती आणि मी टेबल पुसायला म्हणून ती उचलली. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'समुद्रभिंत : क्षेत्रभेट आणि मूल्यमापन'. मला अक्षरं आली साठीनंतर. म्हणून मी बोट ठेवून वाचते आणि एकही शब्द गाळत नाही. गाळणं भरभर वाचणाऱ्यांना परवडतं.

'मुलाखत क्रमांक चार. भिंतीच्या बांधकामावर काम केलेली वृद्ध स्त्री. तिच्या मते भिंतीचा पायथा पोकळ होत आहे. विश्वासार्हता : कमी. कारण : माहिती देणारी व्यक्ती अशिक्षित.'

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली.

त्या भिंतीत मी सहा वर्षं चिपा भरल्या आहेत. गवंडी मोठा दगड बसवून पुढे सरकायचा. दोन दगडांमधल्या फटीत बारीक दगडाच्या पाचरी ठोकून बसवायच्या, त्या चिपा. ते काम आम्हा बायकांचं. एक चीप सैल राहिली की लाट ती उकरून काढते, मग फटीतून मागची माती ओढून नेते. आतून भिंतीचं पोट रिकामं होत जातं आणि वरून ती खाऊन पिऊन सुखी दिसते.

गेल्या शनिवारी नात आणि तिच्या वर्गातल्या चार मुली हातात तक्ते घेऊन भिंतीवर आल्या होत्या. मीही तिथे होते. एकीने मला विचारलं, "आजी, भिंतीला दिसण्यासाठी पाचपैकी किती मार्क द्याल?"

"का गं, स्थळ आलंय का तिला?" मी म्हटलं. पोरी खिदळल्या आणि त्यांनी तीन लिहिले. मी म्हटलं, "वरून काय बघता? खाली उतरा. पायथ्याच्या चिपा निघाल्यात. पहार घातली तर सरळ आत जाईल." त्यांनी तेही लिहून घेतलं. पण भरती चढत होती, बस उभी होती. खाली कोणी उतरलं नाही.

नात केस पुसत बाहेर आली. सदा काही ना काही गोळा करत असते म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो.

"मुंगे, हे अशिक्षित कोण?"

केस पुसायचे थांबवून ती म्हणाली, "आजी, ते... प्रत्येक मुलाखतीची मर्यादा लिहायचीच असते. बाईंनी नमुना दिलाय. नाही लिहिली तर मूल्यमापनाचे चार मार्क जातात."

"मग भिंतीसमोरच्या हॉटेलवाल्याचीही मुलाखत घेतलीस ना? त्याची काय मर्यादा लिहिलीस?"

तिने खाली बघितलं. मीच पान उलटलं. 'विश्वासार्हता : जास्त. कारण : पदवीधर.'

"अगं, त्याला इथे येऊन दोन वर्षं झाली नाहीत! भिंतीकडे तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून बघतो!"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. पोरीच्या वर्षाच्या मार्कांचा प्रश्न आहे. आणि तुमचं नाव कुठे लिहिलंय त्यात?"

"नाव लिहायचं असतं तर हात तरी अडखळला असता!"

मुंगीचे डोळे भरले. "मला तुझं खरंच वाटतं गं, आजी."

"खरं वाटतं आणि हे लिहितेस? मग माझ्यापेक्षा तूच अडाणी."

इतकं लागेल असं बोलायला नको होतं. पण बोलले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. भूगोलाच्या बाईंनी खुर्ची दिली आणि मी बहिरी असल्यासारखं एकेक शब्द मोठ्याने उच्चारत सांगितलं, "आजीबाई, यात अपमान नाही. एकाच माणसाच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"अगदी बरोबर. मग तेच लिहा. एकाच बाईचं सांगणं, आणि खाली उतरून कोणी बघितलं नाही. पण ही मर्यादा माझी की तुमची?"

"नमुना ठरलेला असतो हो. वय, शिक्षण, व्यवसाय..."

"बाई, पायथा पोकळ आहे का, हे पायथ्याला विचारायचं. माझ्या शाळेच्या दाखल्याला काय विचारता?"

बाईंचा चेहरा आक्रसला. "वह्या उद्या जमा करायच्यात. नमुना सोडला तर मार्क कापावे लागतील. नातीचं नुकसान तुम्हीच करताय."

मुंगी दारात उभी होती, कधीची कोण जाणे. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "आजी, आज ओहोटी साडेचारला आहे. पहार घरी आहे ना?"

आम्ही दोघी खाली उतरलो. माझे गुडघे कुरकुरत होते, तिचे बूट चिखलात रुतत होते. दर दहा पावलांवर मी पहार लावायची आणि ती रेटायची. पहिल्या तीन ठिकाणी दगडाने पहार परतवली. चौथ्या ठिकाणी ती लोण्यात घुसावी तशी आत गेली आणि मुंगी भिंतीवर आपटली. हनुवटी खरचटली, पण रडली नाही. टेप लावून आकडा लिहिला. मग फटीत हात घालून म्हणाली, "इथे चीप होती?"

"होती. आता नाही."

मला म्हणायचं होतं, बघ, सांगत नव्हते? पण भिंतीच्या मागून कोणाच्या तरी घरातली भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी पहार उचलली आणि पुढच्या दहा पावलांवर लावली.

रात्री तिने नववं पान फाडून नवं लिहिलं. 'मुलाखत क्रमांक चार. दिलेली माहिती तपासली. दहापैकी सहा ठिकाणी पहार आत गेली, सर्वांत खोल एक्काहत्तर सेंटिमीटर. मर्यादा : पहिल्या भेटीत आम्ही खाली उतरलो नाही.'

वही आठवड्याने परत आली. चार मार्क कापले होते. लाल शाईत शेरा होता, 'नमुन्याप्रमाणे नाही'. सुनेने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं, आणि तिचंही चूक नव्हतं. पण एक्काहत्तर या आकड्यापाशी लाल शाई पोहोचलीच नव्हती. बरोबरची खूण नाही, फुली नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

मुंगी म्हणाली, "बाईंनी ते वाचलंच नसेल."

"का?" मी म्हटलं. "त्यांना वाचता येतं ना?"