तिसरा घड

अडीच

डंबेल हातात आलं आणि शोभा मागच्या मागे गेली. पाठ काचेच्या कपाटावर आदळली. आतले क्रिकेटचे चेंडू घरंगळले.

"काकी! काकी, आराम से!" दुकानातला ऋषिकेश काउंटरवरून वाकून ओरडला. मग हसायलाच लागला. "अडीच किलोवर आहे ते. तुम्ही तर गव्हाची बोरी उचलायचा जोर लावला."

शोभाला हसू आलं नाही. वजनासाठी सगळं अंग बांधून घ्यावं आणि वजनच येऊ नये, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. सरकारी शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधणारी बाई ती. पातेल्याची एक कडी तिच्या हातात, दुसरी तृप्तीच्या. भाताचं असो, वरणाचं असो, पातेलं जडच असायचं.

"दिसते तर केवढं मोठं," ती म्हणाली.

"यही तो बात है." ऋषिकेशनं डंबेल त्याच्या काळ्या थाळ्यात ठेवलं, टोकाची चकती फिरवली. करकर, करकर. "आता उचला. दहा."

तिनं उचललं. दहा होते.

"पण पाहिजे कोणाले? पोराले?"

"मले."

"वजन कमी करायचं आहे का? मग काकी, डंबेल नको. मशीन दाखवतो, चलनेवाली—"

"उचलायचं आहे."

"काय उचलायचं?"

"माणूस."

ऋषिकेशचा हात चकतीवरच राहिला.

मग त्यानं न हसता डंबेलचे तीन प्रकार मांडले. एक, लोखंडाचे अखंड. प्रत्येक वजनाची जोडी वेगळी. घरात ठेवायला जागा नाही. दोन, दांडीला चकत्या लावून नट आवळायचे. नट ढिला राहिला तर चकती पायावर. तीन, हे फिरवायचं.

"नट एका हातानं आवळता येईल का? डाव्या?"

"एका हातानं? नाही जमत."

"आणि हे फिरवणं?"

"ये तो बच्चा भी घुमा लेगा."

तिनं पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. थाळ्यात लोखंडी पानं उभीच्या उभी राहिली होती, पाव कापून ठेवावा तशी.

"जे नाही उचललं, ते कुठी जाते?"

"कुठं जाते म्हणजे? इथंच, थाळ्यात राहते. परत फिरवलं की परत लागते. जाणार कुठं, काकी?"

पाच

नंदकुमार केळीकटाईच्या टोळीचा मुकादम होता. तापीकाठच्या मळ्यांतून त्याची टोळी घड कापायची, खांद्यावरून गाडीपर्यंत न्यायची. घड जमिनीला लागू द्यायचा नाही. लागला की काळा पडतो. त्याच्या टोळीत घड खाली टेकवणाऱ्या माणसाला दिवसभर कोणी विडी देत नसे.

मग लकवा. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं समजत होतं.

न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणात, तीन उंच पायऱ्या उतरून. चाकाची खुर्ची दारातच अडली. म्हणून शेजारचा निरंजन यायचा. नंदकुमारच्याच टोळीत वाढलेला, आता कापडाच्या लूमवर जाणारा. तो गुडघ्यात वाकायचा, खांदा पोटाखाली घालायचा आणि उठायचा. नंदकुमारनंच शिकवलेलं उचलणं.

"दादा, घड तयार झाला बरं का. चला गाडीवर!"

"हाण... लेका," नंदकुमार म्हणायचा. हसायचाही.

एक दिवस लूमवर पाळी वाढली. निरंजन आलाच नाही. शोभा शाळेतून आली तेव्हा नंदकुमार भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीभर वास. तिनं चादर बदलायला घेतली. तो बोलला.

"त्याले... नको सांगू."

"नाही सांगत."

"मी टोळी चालवली गं."

दुसऱ्या दिवशी ती त्या दुकानात गेली होती.

पाच, अजून

चकती फिरवायचं काम नंदकुमारचं. डंबेलचे दोन्ही थाळे पलंगाला टेकून ठेवलेल्या पाटावर. डाव्या हातानं करकर.

"पाठीतून नाही... गुडघ्यातून. घड पाठीतून उचलला तर माणूस जातो."

"अहो, मी काय तुमच्या टोळीत आहे का?"

"आता आहे. श्वास... सोड. मान वर."

दिवस उगवताना. शाळेतून आल्यावर. खिडकीत गल्लीतल्या मथुराबाई, निरंजनची आई, टेकून उभ्या राहायच्या. त्यांची बकरीही.

"शोभे, ह्या वयात पैलवान होऊ राहिली का? उद्या राजघाटावर दंगल लावू तुझी!"

"तुम्ही या ना समोर, मावशी. पहिले तुमचाच नंबर."

"मले काय उचलते! माझ्या बकरीले उचलून दाखव. पाहा कशी फुगली. तुझी खिडकी काही सोडत नाही मेली."

सगळे हसले. नंदकुमार सगळ्यात जास्त हसला.

दहा

"दोन्ही मिळून किती होतील, पूर्ण फिरवल्यावर?" तिनं विचारलं.

"चोवीस चोवीस. म्हणजे... दोन घड."

"आणि तुम्ही?"

तो वर आढ्याकडे पाहत राहिला. आयुष्यभर त्याची मोजणी घडांतच. "तीन."

"मग कसं जमेल? हे तर दोन घडावर संपते."

"तू दोन घडाची तयारी कर." चकती फिरली. करकर. "तिसऱ्याचं मी पाहतो."

गंमत करतोय, असं तिला वाटलं. तिनं डंबेल उचललं.

दहा, परत

ताप आला. खांदा भरला. शाळेत पातेल्याची कडी तिच्या हातून सुटली, वरण सांडलं. तृप्ती म्हणाली, "ताई, सोडून द्या ते लोखंड. एखादा माणूस लावा." शोभा म्हणाली, "माणूसच तर आहे तो."

वीस

दहाच्या सुमारास ती शाळेत निघायची. त्याचं ताट डाव्या हाताला, झाकून. भाकरी, भाजी, दाळ-भात. परत यायची तेव्हा ताट पुसल्यासारखं असायचं. संध्याकाळी तो म्हणायचा, दुपारचंच जड झालं. एक घास, दोन घास.

तिचे दंड घट्ट झाले. पोलकी शिवणीत उसवली.

"दादा बारीक दिसते," तृप्ती एकदा घरी आली तेव्हा म्हणाली.

"लकव्यात होतेच."

आंघोळ नंदकुमार निरंजनकडूनच घालून घ्यायचा. शोभाला आत येऊ द्यायचा नाही. बाईमाणसानं हे करू नये, म्हणायचा. तिनं हट्ट केला नाही. तेवढं तरी त्याच्या मनासारखं.

"निरंजन, त्रास होतो ना रे रोजचा?" तिनं अंगणात विचारलं.

"कशाचा त्रास, वहिनी? दादा तर फूल आहे, फूल."

किती गुणी पोरगं, असं तिला वाटलं. फक्त एवढंच वाटलं.

चोवीस

रविवार. निरंजन तुकईथडला गेला होता, साल्याच्या साखरपुड्याला. शोभानं आदल्या दिवशी दोन्ही डंबेलं पूर्ण चकती फिरवून उचलली होती. पलंगापासून अंगणापर्यंत नेली, पायऱ्या उतरून, चढून. दोनदा.

"आज," ती म्हणाली.

"आज," तो म्हणाला. चेहरा उजळला होता. नवीन गडी पहिल्यांदा भरला घड घ्यायला वाकतो तेव्हा मुकादम बघतो, तसा बघत होता.

लाइट गेली. गल्लीतले लूम एकदम थांबले. इतकं शांत झालं की बकरीचं चघळणं ऐकू आलं.

तिनं गोधडी बाजूला केली. गुडघ्यात वाकली. एक हात त्याच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. श्वास सोडला. मान वर. तीन घडांचा सगळा जोर, इतक्या महिन्यांचा, पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात.

उठली.

आणि मागच्या मागे गेली.

पाठ भिंतीवर आदळली. खुंटीवरची पिशवी पडली. तो तिच्या हातांत होता. पडला नव्हता. तिच्या हातांत होता आणि तिचे हात अजून वजनाची वाट पाहत होते.

काउंटर. कपाट. घरंगळणारे चेंडू. आराम से काकी.

हे काय आहे.

तिनं खाली पाहिलं. सदरा, सदऱ्यात हवा. गळ्याची हाडं, दोन बोटं मावतील इतकी वर आलेली. मांडी तिच्या मनगटाएवढी वाटली. नाही, तेवढी नव्हती. पण तशी वाटली. हा कोण आहे. हा माणूस तिच्या घरात कधी आला.

"जमलं," तो म्हणाला. हसत होता. "शोभा, जमलं ना!"

तिनं त्याला हातांत जरा वर-खाली करून पाहिलं.

"अहो... बाकीचे कुठी आहे तुम्ही?"

त्याचा डावा हात हळूच उठला आणि खिडकीकडे गेला. खिडकीत बकरी. पुढचे दोन्ही पाय गजांवर. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या माणसाच्या हाताकडे बघत.

"दोन घडावर संपते ते," तो म्हणाला. "तू वर आली. मी खाली आलो. बरोबर... मधे भेटलो."

"रोज?"

"दुपारचं. भाजी नाही खात ती. भाजी मी खायचो."

शाळेत दुपारी ती पोरांना विचारत फिरायची, अजून घेणार का रे, लाजू नको, पोट भरलं का. त्याच वेळी. रोज त्याच वेळी.

"निरंजनले माहीत होतं?"

"त्याले वाटलं, तुले माहीत आहे."

ती ओरडणार होती. त्याला पलंगावर टाकून देणार होती. खिडकीतून त्या बकरीला दगड मारणार होती. यातलं काहीच तिला करता आलं नाही, कारण हात गुंतलेले होते.

"शोभा," तो ओशाळून म्हणाला, "आता... जरा घाई आहे."

ती त्याला घेऊन मागच्या दारातून गेली. एक पायरी. दुसरी. तिसरी. त्याला बसवलं, दाराकडे पाठ करून उभी राहिली, मग आंघोळ घातली. या खेपेला तो नको म्हणाला नाही. पाणी ओतताना बरगड्यांवर तांब्या लागला तर आवाज होईल, अशी तिला भीती वाटत राहिली.

मग पुढच्या ओट्यावर आणलं. धुतलेला सदरा. डोक्याला तेल.

"अगं बाई!" मथुराबाई हातातलं सूप घेऊन तशाच उभ्या. "एकटीनं आणलं? एकटीनं?"

"माझी टोळी आहे," नंदकुमार म्हणाला. मान ताठ होती.

शोभा आत आली. खिडकी बंद केली, कडी लावली. बाहेरून गजांवर खुरांचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला.

पितळी हंडा पाण्यानं काठोकाठ भरला, एका घडाएवढा. तो ओट्यावर आणून ठेवला. शेजारी दोन्ही डंबेलं, पूर्ण चकती फिरवलेली. मग ताट वाढून आणलं आणि भाकरी कुस्करून त्याच्या डाव्या हातापाशी ठेवली.

तो हंड्याकडे बघत राहिला. "हे कशाले?"

"जेवा."

"मी वाढलो तर... तुले जमायचं नाही."

तिनं पदर खोचला. गुडघ्यात वाकली.

"तिसऱ्याचं मी पाहते," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."

तो घास तोंडापर्यंत नेऊन थांबला. बंद खिडकीकडे एकदा पाहिलं. सवयीनं.

मग खाल्ला. बराच वेळ चावत होता.