प्रतिनिधीच्या खांद्यावरची शाल

मी एक हिमरू शाल. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा, अंगभर कमळे. ज्या वृद्ध विणकराने मला घडवले, तो एकेक कमळ पुरे झाले की पुटपुटत अल्लाचे आभार मानी. नामाच्या सान्निध्यात जन्म झाल्यामुळे मला वाटे, की आपले आयुष्य सेवेतच जाणार. एखाद्या देवळात, काकड्याच्या थंडीत, मूर्तीच्या खांद्यावर आपण विसावणार. पण कुणाच्या खांद्यावर जायचे, हे शालीने ठरवायचे नसते.

शहागंजच्या दुकानातून मला मोतीराम मामांनी नेले. जालना रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात ते शिपाई आहेत. सत्काराला हवी, जरा भारी दाखवा, असे त्यांनी दुकानदाराला बजावले होते. भाव ऐकून मात्र त्यांनी देवाचे नाव घेतले.

त्या महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी आहे. कुणाची फी भरायची आणि कुणाची नाही, हे एक समिती ठरवते. समितीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असावा, असा नियम आहे. आणि तो पाळला जात नव्हता, असे मी म्हणणार नाही. दरवर्षी पहिल्या बैठकीच्या आरंभी प्रतिनिधीला सन्मानाने आत बोलावत. मला त्याच्या खांद्यावर घालत, हाती श्रीफळ देत, छायाचित्र काढत, टाळ्या वाजवत. मग अध्यक्ष इंद्रजीतराव प्रेमाने म्हणत, "या आता, अभ्यास करा." प्रतिनिधी बाहेर पडे आणि त्याच्यामागे दार लागे. दाराशी मोतीराम मामा मला उतरवून घेत. "दे बाळा, पुढच्या साली लागती. नारळ ने घरी."

ती माणसे दुष्ट नव्हती. आपण मुलांना केवढा मान देतो, असेच त्यांना मनापासून वाटे. मलाही तसेच वाटत होते, आणि माझ्या अपराधाचे मूळ तिथेच आहे.

गेल्या श्रावणात विशाखा प्रतिनिधी झाली. दुसऱ्या वर्षाला शिकणारी, फर्दापूरची मुलगी. तिचे वडील लेण्यांच्या पायथ्याशी चहाची टपरी चालवतात. बैठकीआधी ती दाराशी उभी होती आणि मी मामांच्या हातावर घडी होऊन ऐकत होते. तिच्यासोबत संघपाल हा तिचा वर्गमित्र होता. तो चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करी आणि सकाळच्या तासांना पोहोचत नसे. हजेरी कमी असलेल्यांची मदत बंद करावी, असा ठराव त्या दिवशी यायचा होता.

"तू फक्त एवढं सांग," तो म्हणाला, "मी झोपा काढत नाय, ड्युटी करतो. अन् नारळ मिळाला तर अर्धा माझा."

आत सारे नेहमीप्रमाणे झाले. मी तिच्या खांद्यावर गेले, तेव्हा तिचे काळीज किती जोराने धडधडत होते ते मला कळले. टाळ्या थांबल्या. तिने मान वर केली, श्वास घेतला. शब्द ओठांवर आला होता. नेमक्या त्या क्षणी मी घसरले. रेशीमच ते. तिचे दोन्ही हात नारळात गुंतलेले. मला सावरायला ती हनुवटीने धरू लागली, संकोचली, आणि सगळे कौतुकाने हसले. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "या आता."

"धन्यवाद सर," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

बाहेर संघपालने विचारले, "सांगितलं?" तिने नारळ पुढे केला. तो समजला. "राहू दे तुलाच," म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याची मदत बंद झाली. परीक्षेचा अर्ज राहिला, आणि दिवाळीनंतर तो महाविद्यालयात दिसला नाही.

मी पुन्हा कपाटात गेले. डांबरगोळ्यांच्या वासात मी पांडुरंगाला एकच विचारत असे: देवा, तू मला थंडी झाकायला पाठवलेस, मी हे काय झाकत आले? त्याने उत्तर दिले नाही. अपराध्याला उत्तराची घाईही नसावी.

पौषात समितीची दुसरी बैठक भरली. दुसऱ्या बैठकीला प्रतिनिधीला बोलावण्याची रीतच नव्हती. विशाखा आपणहून आली. अध्यक्ष गडबडले, पण सौजन्य सोडले नाही. "मोतीराम, शाल आणा," म्हणाले.

"सर, शाल घेतली की बाहेर जावं लागतं," विशाखा म्हणाली. "मी आधी बसते."

प्रतिनिधीची खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यावर जुन्या वार्षिकांकांचे गठ्ठे रचलेले. मामांनी ते उतरवले, तर खुर्चीचे वेत मध्येच तुटलेले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर कुणी बसलेच नव्हते, मग कळणार कुणाला?

"मामा, ती द्या इकडं," म्हणत विशाखाने मला घेतले, नीट घडी घातली, तुटक्या वेतावर अंथरले आणि ती बसली.

"संघपाल झोपा काढत नव्हता, सर. रात्रपाळी करत होता. हे मला श्रावणातच सांगायचं होतं. मी नारळ धरून उभी राहिले."

एक सदस्य म्हणाले, की इथली चर्चा गुप्त असते. "गुप्त राहू द्या, सर," ती म्हणाली. "पण आमचं ठरवताना आम्हाला बाहेर नका काढू."

इंद्रजीतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आम्हाला वाटत होतं, आम्ही मान देतोय," एवढे ते हळू आवाजात बोलले. त्या दिवशी ती शेवटपर्यंत बसली. काम करून शिकणाऱ्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय कुणाची मदत थांबवायची नाही, असे ठरले. संघपाललाही निरोप गेला. परंतु त्याचे वर्ष तोवर बुडाले होते.

खांद्यावर मिरवण्यासाठी विणलेली मी आता आसन झाले आहे. माझी कमळे विटू लागली आहेत, वेताची टोके टोचतात, आणि ते टोचणे मला हवेसे वाटते. तुम्हा वाचणाऱ्यांना माझी विनवणी इतकीच, की कुणाचा सत्कार करायचा असेल तर अवश्य करा. पण आधी त्याला बसू द्या, बोलू द्या.

या आषाढात संघपाल पुन्हा प्रवेश घ्यायला आला. बैठकीच्या खोलीत डोकावून, मला पाहून हसला. "एवढी भारी शाल, अन् बुडाखाली?"

"खांद्यावर होती तेव्हा तुझं वर्ष गेलं," विशाखा म्हणाली.

वाकून त्याने माझा जमिनीला टेकलेला पदर उचलला, झटकला आणि पुन्हा खुर्चीवर ठेवला.