मुद्दाम पाडलेलं बदक

तिसरीत मी ढ होते, असं पेणच्या आमच्या शाळेतले काहीजण अजूनही सांगतील. सांगू देत. मी ढ नव्हते, लबाड होते.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. पडदे ओढलेले, पंख्याची घरघर, आणि निळ्या स्क्रीनवर खाडी ओलांडायला उभं राहिलेलं एक पिवळं बदक. बेरीज बरोबर आली की ते पुढच्या दगडावर उडी मारायचं आणि एक बाई अगदी पुणेरी ‘शाब्बास!’ म्हणायची. चुकली की बदक डुबुक. मग दुसरीच कुणी बाई बोलायची, सावकाश, मऊ आवाजात, "नाय गो बाय, चुकलं. होऊ दे. परत करू." मुलग्यांनाही ती मुलींसारखं ‘गो’च म्हणायची. माझ्या शेजारी बसणारा अमोल त्यावरून फुगायचा आणि बाकीचे खिदळायचे.

आई दिवसभर मिठागरात राबायची. संध्याकाळी तिच्यात बोलायचंही त्राण नसायचं. शाळेत घरच्यासारखं बोललं की सगळे हसायचे. त्या अख्ख्या इमारतीत आमच्यासारखं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते बोलायचं बदक बुडाल्यावरच. म्हणून मी सात आणि पाच तेरा लिहायचे. तो आवाज आला की अंग सैल व्हायचं, खोलीतला निळा उजेड आणखी गार वाटायचा आणि तास संपूच नये असं होऊन जायचं.

चौथीत गेलो आणि ती बाई गायब झाली. चुकलं की नुसतं ‘टूंऽऽ’. मी मुकाट्याने बेरजा बरोबर करायला लागले. पोरगी सुधारली, म्हणाले सगळे.

आता मी रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. पेणहून सकाळच्या मेमू गाडीत बसून खिडकीला डोकं टेकलं की अर्धवट झोपेत ते बदक दिसतं. त्याची चोच हलते, त्या बाईचा आवाज मात्र येत नाही. तो एकदा तरी परत ऐकायचाच, या वेडाने मला धरलं. शेवटी पेणच्याच रामवाडीत जाऊन कॉम्प्युटरच्या सुशील सरांना गाठलं. बदकाचा तो गेम त्यांनीच बनवला होता. सीडी कधीच भंगारात गेली होती.

"आवाज ना? तो आमच्या रंभावहिनीचा," ते म्हणाले. "डबा घेऊन आली होती, मी बसवली माइकपुढं. निडीला असते."

निडी! म्हणजे मी रोज दोनदा तिच्या गावावरून जात होते.

सुट्टीच्या दिवशी निडीला उतरले. रंभाकाकू ओटीवर वाल निवडत होत्या. मी गेमचं नाव काढलं आणि त्यांचा हात थांबला.

"कशाला गो तो विषय?" त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "शाळेनं कळवलं, या आवाजानं पोरं लई चुकतात, काढून टाका. हसत असतील माझ्या बोलण्याला. तवापासून चार माणसांत तोंड उघडलं नाय मी. पोरीच्या शाळेत नाय, बचत गटात नाय."

ज्या आवाजासाठी मी जीव टाकत होते, तो मीच बंद पाडला होता.

"काही मुलं हसायची," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण मी चुकायचे ती तुमच्यासाठी. बेरीज येत होती मला, काकू. चुकल्याशिवाय तुम्ही बोलायचा नाहीत. अख्ख्या दिवसात तेवढ्या मायेनं माझ्याशी कुणी बोलायचं नाही."

"मुद्दाम चुकायचीस?"

"व्हय," मी म्हटलं. कित्येक वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

"किती वेळा?"

"तासाला दहा-बारा वेळा तरी."

काकूंनी सूप बाजूला सारलं. पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग उठून शेजारच्या गिरजाबाईंना बोलावून आणलं. "ही पेणची पोर बघ काय सांगते!"

गिरजाबाई पायरीवर टेकल्या. मी घसा साफ केला, पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब गो. मी सांगते."

आणि त्या सांगायला लागल्या. आधी चाचरत, मग मोकळ्या, मग इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातली माणसं दारात आली. माझी परतीची गाडी शिट्टी देऊन निघून गेली. मी खांबाला टेकून डोळे मिटले आणि ऐकत राहिले.