डेअरीच्या भिंतीवरची बाई

सकाळचं दूध घालून झालं तरी एकही माणूस घरी जाईना. घोडेगावजवळच्या आमच्या गावात, डेअरीच्या भिंतीवर रंगवलेली बाई आज करणी कुणी केली ते सांगणार होती.

कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली आणि दूध आटलं. डॉक्टरऐवजी त्यानं वैजनाथ महाराजांना बोलावलं. संशय शेजारच्या मालनबाईवर. ती विधवा, एकटी, आणि तिची गाय भरपूर दूध देत होती. एवढं पुरेसं होतं.

महाराजांनी चित्राचा अर्थ लावला. "तोंड हिरवं, म्हंजी ईख! मान लांब, म्हंजी दुसऱ्याच्या घरात डोकावती! कमरंला चंद्राची कोर, म्हंजी अवसंचं काम!"

रोज विळा धरणाऱ्या माणसांनी चित्रातल्या बाईनं कमरेला खोचलेल्या विळ्याला चंद्र समजून हात जोडले.

मग मालनबाईला चित्रासमोर उभं केलं. "दोषी असंल त्याच्याकडंच ही बघती. खरं सांग, तुझ्याकडं बघती का?"

"व्हय, बघती."

"आता तिकडं सरक."

"तरीबी बघतीच हाय."

"सवताच्या तोंडानं कबूल केलं!" महाराज गरजले. दिवस मावळायच्या आत तिनं गाव सोडायचं, असं ठरलं.

मी डेअरीत दुधाचं फॅट तपासतो. मी सगळं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. फक्त आत जाऊन, ज्यांनी हे चित्र काढलं त्या शाळेतल्या निकिता मॅडमना फोन लावला. तेव्हा गप्प बसल्याची लाज मला अजून वाटते.

मॅडम आल्या. वाद घातला नाही. म्हणाल्या, "आहात तिथंच उभे राहा. ही बाई कुणाकडं बघतेय?"

"मालनकडं," महाराज म्हणाले.

"दुसऱ्याचं नको. ज्यानं त्यानं आपापलं सांगा."

मग पार टोकाला उभी असलेली कारभारीची बायको ज्योती रडवेली होऊन म्हणाली, "माझ्याकडं बघतीय. मघापासनं. मला वाटलं, माझंच काई चुकलं."

"माझ्याकडंबी," कारभारी पुटपुटला. मी हात वर केला. हळूहळू चाळीसएक हात वर झाले. महाराज मात्र तोवर चित्राकडं पाठ करून उभे होते.

"बुबुळं मधोमध काढली की चित्र समोर बघतं," मॅडम म्हणाल्या. "भिंत सपाट असते, चित्राला मान वळवता येत नाही. म्हणून कुठूनही ते आपल्याकडंच बघतंय असं वाटतं. फ्लेक्सवरचा पुढारी नाही का, चौकात कुठंही उभं राहा, आपल्यालाच हात जोडतो! आणि तोंड हिरवं, कारण ती जनावरांच्या हिरव्या घासाच्या वाफ्यात बसलीय, त्याचा रंग चेहऱ्यावर पडलाय."

"आन् मान?" कुणीतरी विचारलं.

"लांब मान मला आवडते."

महाराजांना मिरजगावचं तातडीचं काम आठवलं.

"चुकलं, मालनकाकू," कारभारी म्हणाला.

"ती तुमा समद्यांकडंच बघत हुती," मालनबाई म्हणाली. "इचारलं मला एकटीला. मी खरं बोलले, म्हून मलाच हाकलत हुता."

म्हणून सांगतो: गाय आजारी पडली तर डॉक्टरला बोलवा. कुणी पुरावा दाखवला तर तो आधी स्वतःला लावून बघा. आणि दिसलं ते वेळेवर बोला. त्या सकाळी आम्हा चाळीस जणांना ते दिसत होतं, आणि एका बाईला आम्ही गावाबाहेर काढत होतो.