मण्यारीवरचा मणी

वरकुट्यात गेणबाच्या अंगणात सकाळी आठलाच पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध घोंगडीवर त्याची बायको सिंधुबाई निजवली होती. पहाटे अंथरुणात तिला मण्यार चावली होती. मणी लावून विष उतरवणाऱ्या मणीबाबानं तिच्या मनगटावर, चावल्या जागी, ब्लेडनं चीर पाडली, वर काळा मणी ठेवला आणि तिचा हात उलटा केला. मणी पडेना! बायकांनी हात जोडले.

"नागलोकीचा मणी हाय ह्यो! इख संपल्याबिगर सुटायचा न्हाय," बाबा गरजला. "आन् जो हिला मधीच उठवंल, त्याच्या माथी मरण!"

थोड्या वेळानं मणी आपोआप गळला. बाबानं तो दुधाच्या वाटीत टाकला, तसे बुडबुडे फुटू लागले.

"बघा, इख बाहीर पडतंय! आता कशी शांत झोप लागली माऊलीला."

ती झोप पाहून उत्कर्षाला मात्र धडकी भरली. शेजारच्या घरची ही मुलगी बारामतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नेपाळमधल्या एका डोंगरी गावात दोन महिने स्वयंसेवक म्हणून काम करून ती आठवड्यापूर्वीच परतली होती. तिथल्या आरोग्यचौकीत ती जखमा बांधायची, बाळांची वजनं घ्यायची. एका दुपारी मनमाया नावाची बाई अशीच ओसरीवर पडलेली तिनं पाहिली. साप चावलेल्या हातावर असाच काळा दगड, आणि मिटत चाललेल्या पापण्या. उत्कर्षाला शंका आली. पण देश परका, भाषा धड येत नाही, त्यात आपण शिकाऊ. ती गप्प राहिली. चौकीतल्या डॉक्टरांच्या कानावर घातलं तेव्हा अर्धा तास उलटला होता. गाडीरस्ता तीन तास खाली, दरीत. डोली अर्ध्या वाटेवर असतानाच मनमायाचा श्वास थांबला.

"पापण्या मिटल्या की पुढं श्वास जातो," डॉक्टर म्हणाले होते. "तेव्हा वाट बघायची नसते."

उत्कर्षा गर्दी सारत पुढं गेली. ती घोंगडीशी वाकली.

"काकी, डोळे उघडा!"

सिंधुबाईच्या पापण्या नुसत्या थरथरल्या. ओठाच्या कडेनं लाळ गळत होती.

"तात्या, ही झोप नाही. लकवा चढतोय. आत्ताच्या आत्ता इंदापूरच्या दवाखान्यात न्या!"

गेणबा रडवेला झाला. "आगं, पण उठवलं तर मरंल म्हणत्यात बाबा."

"चार बुकं शिकली न् आमाला शिकवती व्हय?" बाबा ओरडला. "बाई मेली तर तू देशील का जीव?"

कुणीतरी उत्कर्षाचा दंड धरला. खरंच वाटेत काही झालं तर? गाव आपल्यालाच खुनी म्हणेल. तरी तिनं हिसका देऊन दंड सोडवला, बाबाच्या ताटातला दुसरा, कोरडा मणी उचलला, ओढणीची पिन काढली आणि स्वतःच्या बोटात खुपसली. रक्ताच्या थेंबावर मणी टेकवून तिनं हात उलटा केला. मणी पडला नाही.

"मला काय चावलंय, तात्या? पिन!"

मग तिनं तो मणी ओढून काढला आणि पाण्याच्या तांब्यात टाकला. तेच बुडबुडे.

"ह्या पाण्यात कुठलं विष आलं? नेपाळात डॉक्टरांनी सांगितलं मला, हे जाळलेलं हाड आहे, आतून भोकाभोकांचं. खडू जिभेला चिकटतो, तसं ओल्याला चिकटतं आणि भिजलं की गळतं. भोकांतली हवा बाहेर येते, तेच हे बुडबुडे!"

नागदेव कोपेल, असं पुटपुटत बाबा ताट आवरू लागला. गेणबानं सिंधुबाईला उचललं आणि पुतण्याला हाक मारली, "रणजित, गाडी काढ!"

वाटभर उत्कर्षानं काकीला कुशीवर धरलं होतं. काकीचा श्वास उथळ होत चालला. दवाखान्याच्या दारात तो जवळजवळ थांबलाच. डॉक्टरांनी धावत येऊन घशात नळी घातली, श्वासाचं यंत्र लावलं, विषावरची औषधं सुरू केली.

चौथ्या दिवशी सिंधुबाई बोलली.

"मी झोपले न्हवते गं पोरी. समदं ऐकू येत हुतं. बाबा म्हनला झोप लागली, तवा वरडायचं हुतं मला. जीभच हालंना."

त्या संध्याकाळी गेणबानं पारावर गाव जमवलं.

"बाई ऐकत हुती, आन् आमी हात जोडून तिचं मरण बघत हुबं हुतो. इचारा रं! कुणीबी काय दावलं तरी, कसं झालं ते इचारा. आन् साप चावला तर चीर नगं, मणी नगं. तडक दवाखाना गाठा."