सतरा नंबरचे आबा

कुसगावच्या सुमय्याला माणसांपेक्षा त्यांच्या रक्ताची ओळख लवकर व्हायची. पुण्यातल्या एका संस्थेत ती ब्लड कॅन्सरवर संशोधन करायची. डॉक्टर होती, पण इंजेक्शनवाली नव्हे, पीएच.डी.वाली. हा फरक तिनं आईला, खुर्शीदाला, निदान पन्नास वेळा समजावला असेल. तरी खुर्शीदा शेजारणींना सांगायची, "डॉक्टर झालीय, पण तिला गोळी विचारू नका. गोळी का लागू पडत नाही, तेवढंच तिला ठाऊक."

यात खोटं काही नव्हतं. रक्ताच्या एका कर्करोगाला रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं ताब्यात ठेवता येतं. पण काही जणांच्या पेशींत एक प्रथिन जरासं बदलतं आणि गोळी त्यात बसेनाशी होते. असे बदल हुडकणं हेच सुमय्याचं काम.

दर गुरुवारी ती रुग्णालयात बसून रुग्णांची परवानगी घ्यायची आणि रक्ताचे नमुने जमा करायची. तिथंच तिला वडिवळ्याचे अंबाजी भेटले. सत्तरीला टेकलेले, भातशेतीवाले, तोंडानं अखंड चालू. पहिली गोळी चालेना म्हणून तिथल्या डॉक्टर अनितांनी त्यांना दुसरी, जास्त जोरकस गोळी दिली होती. सहा महिने रिपोर्टातला रोगाचा आकडा झरझर उतरला. मग उन्हाळ्यात थांबला, आणि पावसाळ्यात चढू लागला.

सुमय्यानं त्यांचं रक्त तपासलं. नेहमीचे बदल सापडले नाहीत. आणखी बारीक तपासणी केली, तरी काही नाही. एखादी शहाणी बाई इथं थांबली असती. सुमय्याला मात्र रात्रंदिवस एकच दिसू लागलं: हा आजवर कुणालाच न सापडलेला प्रकार आहे! तिनं परिषदेसाठी स्लाइडसुद्धा करून टाकली. मथळा होता 'नमुना क्रमांक सतरा'. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे, भर ओपीडीत तिच्या तोंडून निघून गेलं, "आबा, तुमच्या रक्तात काहीतरी वेगळंच आहे. आधी कुठं न सापडलेलं."

झालं. कामशेतपर्यंत बातमी पोचली की अंबाजीचं रक्त स्पेशल आहे.

घरी ही कहाणी तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिचे वडील निजाम यांनी जेवता जेवता मान वर केली. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि अंबाजींच्या विहिरीवरच्या पंपाची जळालेली तार त्यांनीच दोनदा नव्यानं भरून दिली होती.

"त्यांच्या घरी गेलीस का कधी?"

"अब्बा, रक्त इथं फ्रीजमध्ये आहे. घरी जाऊन काय बघू?"

"मोटार जळाली की गिऱ्हाईक म्हणतं, मी काहीच केलं नाही. मी ऐकून घेतो, आणि मग ती बसवलीय कुठं ते जाऊन बघतो."

"माणूस म्हणजे मोटार नाही."

"नाही ना. मोटार खोटं बोलत नाही," निजाम म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

सुमय्या चिडली, पण गुरुवारी तिनं डॉक्टर अनितांना विचारलंच. अनिता म्हणाल्या, "जा की. मी दरवेळी विचारते, दुसरं औषध घेता का. ते म्हणतात नाही. अंबाजींना चालत असेल तर जाऊन ये." अंबाजींना चालणारच होतं. ते म्हणाले, "जेवायलाच या."

भात कापून झालं होतं आणि खळ्यांवर झोडणी चालू होती. रविवारी बापलेक स्कूटरवरून वडिवळ्याला पोचले, तेव्हा अंबाजी धुतलेली टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. शेजारचे दोघंतिघं काही काम नसताना कुंपणाशी रेंगाळत होते.

"या निजामभाऊ! तुमची पोरगी माझं रगत परदेशात धाडनार म्हनं."

"पुण्यापर्यंत पोचलंय, तेवढं पुष्कळ," निजाम म्हणाले.

सुमय्यानं वही उघडली. गोळी रोज घेता? अंबाजींनी रिकाम्या पाकिटांची चवडच पुढ्यात ठेवली, प्रत्येकावर तारखा घातलेल्या. काढा? न्हाई. झाडपाल्याचं काही? न्हाई. दुसरी एखादी गोळी?

"पोरी, डाक्टरीनबाई बी हेच इचारत्यात. एका गोळीवर जगतोय मी. मानूस खरं बोलतंय तर तुमी इस्वासच ठेवत न्हाई."

आतून सरुबाईंनी, अंबाजींच्या बायकोनं, ताटं वाढल्याची हाक दिली. इंद्रायणीचा वाफाळता भात, वालाची आमटी, भाकरी आणि मिरचीचा खर्डा. खर्ड्याच्या पहिल्याच घासाला सुमय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंबाजी मात्र तो भाजीसारखा खात होते.

जेवण उरकत आलं. अंबाजींनी गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्यायले आणि आ करून दाखवलं. "बघ. गेली."

तेवढ्यात सरुबाई भिंतीतल्या देवळीतून एक बाटली घेऊन आल्या. झाकणात दाट गुलाबी औषध ओतून त्यांनी नवऱ्यापुढं धरलं. अंबाजींनी ते गटकन पिऊन मिशा पुसल्या.

सुमय्याचा पाण्याचा पेला हातातच राहिला. "मावशी, हे काय?"

"हे व्हय? काय न्हाई. पोटाचं."

"रोज देता?"

"मंग! गोळी घेतली की छातीत जळजळतं म्हन्त्यात. गुढीपाडव्यापासनं एक दिस चुकू दिला न्हाई मी."

"आबा! मी आत्ताच विचारलं ना, दुसरं औषध घेता का म्हणून?"

"हे औषद कुटं हाय?" अंबाजींना खरंच आश्चर्य वाटलं. "हे पोटाचं हाय. तू रगताचं इचारलंस."

ती गोळी पोटातल्या आम्लात विरघळते. त्या गुलाबी औषधानं आम्लच मारून टाकलं की निम्मीअधिक गोळी रक्तात न जाताच निघून जाते. हे गोळीच्या पाकिटातल्या कागदावर छापलेलं होतं. सुमय्यानं स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. आता ताटाकडं बघत भाताचं शेवटचं शीत वेचणाऱ्या तिच्या वडिलांचे खांदे हसू दाबताना हलत होते. त्यांच्याकडं बघायचं तिनं कटाक्षानं टाळलं.

तिनं सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. ऐकता ऐकता सरुबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"म्हंजी मीच त्यास्नी..."

"नाही मावशी." सुमय्यानं त्यांचा हात धरला. "तुम्ही लपवलं कुठं? आम्ही नीट विचारलंच नाही. चूक आमची."

अंबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजी माझ्या रगतात काय इशेष न्हाई?"

"बहुतेक नाही, आबा. गोळी नीट रक्तात उतरली तर लागू पडेल. चांगलीच गोष्ट आहे."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

अंबाजींचा चेहरा पडला. आणि सुमय्याला जाणवलं की आपलाही पडलाय. परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागं बसून ती त्याचाच विचार करत राहिली. तो नवा प्रकार खरा निघाला असता तर तिला टाळ्या मिळाल्या असत्या, आणि या म्हाताऱ्याला कुठलीच गोळी उरली नसती. दोन महिने ती नेमकं तेच मनापासून मागत होती. कामशेत मागं पडलं.

"रागावलीस?" निजामनी विचारलं.

"माझ्यावरच."

"मग घरी गेल्यावर रागाव. आत्ता नीट धर, पुढं खड्डे आहेत."

डॉक्टर अनितांनी गुलाबी बाटली थांबवली, गोळीची वेळ बदलली आणि जळजळीसाठी काय, कधी घ्यायचं ते सरुबाईंना समोर बसवून सांगितलं. खर्डा कमी करायलाही सांगितलं, त्यावर अंबाजींनी पुष्कळ वाद घातला. माघापर्यंत आकडा निम्म्यावर आला. पुढच्या खेपेला आणखी उतरला.

स्लाइड सुमय्यानं पुसून टाकली. परवानगीच्या कागदावर मात्र एक नवा प्रश्न आला, अगदी सरुबाईंच्या शब्दांत: 'पोटाचं काही घेता का?' बेचाळीस जणांना विचारलं, तर पाच जण घेत होते. त्यातल्या दोघांच्या रक्ताच्या नळ्या तिच्याच फ्रीजमध्ये 'गोळी लागू नाही' अशी चिठ्ठी लावून पडल्या होत्या. परिषदेत तिनं हेच सांगितलं. टाळ्या बेताच्याच पडल्या, पण चहाच्या वेळी तीन डॉक्टर तो प्रश्न उतरवून घेऊन गेले.

एका गुरुवारी ती ओपीडीत आली, तर बाकावर अंबाजी एका नव्या बाईची उलटतपासणी घेत होते. बाई लोहगडवाडीची, नाव सविता.

"पोटाचं काय घेता का?"

"नाही बाई, मी काहीच घेत नाही."

"सोडा? त्यो पानी घातलं की फसफसतो त्यो?"

सविता जरा घुटमळली. "तो... तो काय औषध थोडाच आहे?"

अंबाजींनी विजयी मुद्रेनं सुमय्याकडं बघितलं. "लिव्ह," ते म्हणाले. "आनि नीट लिव्ह. लोक लय लपवत्यात."